विषाचा धनी शोधणाऱ्या वकीलबाई

मालवणला माझी बदली झाली आणि खोली शोधत मी ज्या घरात शिरलो, तिथं खोली दिसायच्या आधी माझी उलटतपासणी झाली. ओटीवर आरामखुर्चीत साठी उलटून गेलेल्या एक बाई बसल्या होत्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, मांडीवर सूप, सुपात लसूण. मी नमस्कार करायच्या आत पहिला प्रश्न आला.

"लगीन?"

"झालेलं नाही."

"करतलंस?"

"बघतोय."

"कोणाक बगतंस?"

"म्हणजे… तसं अजून कोणाला नाही."

"मगे बगतंय म्हणान कित्याक सांगतंस? नाय म्हण."

मी नाही म्हणालो. पुढचा प्रश्न नोकरीचा. मी माझ्या कार्यालयाचं नाव सांगितलं. (ते इथं लिहीत नाही, अजून तिथंच नोकरीला आहे.) बाईंनी लसूण सोलणं थांबवलं, चष्मा वर सरकवला आणि एकदम शुद्ध पुस्तकी मराठीत म्हणाल्या, "म्हणजे आपण प्रतिवादी क्रमांक तीन."

मला काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. मसुऱ्याच्या पुढं एक वाडी आहे. वाडीच्या माथ्यावरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, एका बंद कारखान्याचा विषारी गाळ पडलाय, त्याबद्दल पुण्याच्या पर्यावरण न्यायपीठापुढं अर्ज चाललाय. अर्जदारांच्या वकील या बाई आणि प्रतिवादींच्या यादीत तिसरं नाव माझ्या कार्यालयाचं. मी पिशवी उचलून उठलो.

"खंय चाललंस? बस," बाई पुन्हा मालवणीत आल्या. "कोर्ट कोर्टात. खोली माडयेर आसा, बगून ये. दोनच अटी. घरात त्या केसची गोष्ट काढूची नाय. आणि माशाक नावा ठेवची नाय."

मी कऱ्हाडकडचा. माशाचा आणि माझा तोवर संबंधच नव्हता, त्यामुळं नावं ठेवायचा प्रश्न आला नाही. पहिली अटही मी कसोशीनं पाळली. बाईंनी तर ती इतकी पाळली की माझ्या कार्यालयाला द्यायच्या नोटिसा त्या पोस्टात जाऊन रजिस्टर करून यायच्या. मी वर माडीवर राहत होतो. जिन्यावरून हाक मारून दिली असती तरी चाललं असतं. एकदा मी तसं म्हणालोही. बाई म्हणाल्या, "घरात दिलंय तर ती चुगली. टपालान गेली तर ती नोटीस." मग नोटीस फिरून माझ्याच टेबलावर यायची, आणि संध्याकाळी जेवताना बाई विचारायच्या, "आज काम बरा होता मा?"

त्यांची भाषा बघून त्यांचा राग ओळखायचा, हे मला लौकर कळलं. मालवणीत शिव्या दिल्या तर माया आहे असं समजायचं. "मेल्या, तुका अक्कल नाय" याचा अर्थ बस, चहा घे. पण बाई "आपण कृपया" म्हणाल्या की समोरच्यानं घाम पुसायला रुमाल काढावा. गावातल्या लोकांनाही हे माहीत होतं. एकदा वायरमनला त्या "आपली काही गैरसमजूत झालेली दिसते" एवढंच म्हणाल्या, तर तो खांबावरून उतरला आणि दुसऱ्याच खांबावर चढला. चूक खरोखर दुसऱ्या खांबावर होती.

मासळीबाजारात त्यांच्याबरोबर जाणं हा माझा रविवारचा करमणुकीचा कार्यक्रम होता.

"गो, हो बांगडो आजचो?"

"आजचोच, बाय."

"आजचो म्हणजे आज पकडलेलो, काय आज बर्फातसून भायर काढलेलो?"

"बाय, घेवचो तर घेवा. माका कोर्टात उभी करू नकात."

"ह्या बरा केलंस. खोटा बोलाक नाय. दी वाटो." आणि बर्फातलाच बांगडा खुशीनं घेऊन यायच्या.

जुन्या स्कूटरवरून कोर्टात जाताना प्रत्येक वळणाला हात बाहेर काढून मोठ्यानं म्हणायच्या, "मी उजवीकडे वळत आहे." मागं बसलेल्या मला पहिल्यांदा वाटलं, मला सांगताहेत. मग कळलं, हे रस्त्याला सांगणं चाललंय. उद्या अपघात झालाच तर सांगितलं नव्हतं असं कुणी म्हणू नये. दुपारी जेवणानंतर त्या झोपायच्या, आणि त्या वेळात मुंबईहून कुणी पुढारी भेटायला आला तरी त्याला ओटीवर बसून राहावं लागे. लग्न केलं नव्हतं. त्याबद्दल कुणी छेडलंच तर म्हणायच्या, "स्थळा इली होती. पुराव्यात टिकली नाय."

आणि विशेषणांशी त्यांचं वैर होतं. वर्तमानपत्र वाचायला बसल्या की हातात पेन्सिल. 'प्रचंड' खोडलं, 'अभूतपूर्व' खोडलं, 'भीषण' खोडलं. त्यांच्यानंतर पेपर मला मिळायचा, तेव्हा बातम्या निम्म्या झालेल्या असत आणि जास्त खऱ्या वाटत.

ही सवय त्या अशिलांनाही लावायच्या. तो खटला मुळात कसा सुरू झाला, ते मला पार्वतीकाकीनं सांगितलं. पार्वतीकाकी त्या वाडीतली. तिच्या आणि शेजारच्या बाबीतात्यांच्या परड्यांच्या मधे एक गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. त्या गडग्यावरून दोन घरांचं पिढ्यान्‌पिढ्या वाकडं. एका वर्षी काकीच्या विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला आणि कडेच्या काजी, म्हणजे काजूची झाडं, माना टाकायला लागल्या. काकीनं ओळखलं, हे काम बाबीचं. ती उठून बाईंकडं आली.

"बाय, बावीचा पाणी भयंकर झालाहा. बाबीन तेच्यात कायतरी घातल्यान."

"भयंकर काढ. रंग सांग."

काकीनं विचार केला. "बिनदुधाच्या चायसारखो."

"वास?"

"रॉकेलासारखो. पण रॉकेल न्हय."

"आता सांग, बाबीक घालताना तुया बगलंस?"

"नाय. पण दुसरो कोण घालतलो?"

त्याच आठवड्यात बाबीतात्या बाईंच्या ओटीवर हजर. त्यांच्याही विहिरीचं पाणी तसंच, त्यांच्याही काजी वाळल्या, आणि ते काम पार्वतीचं यात त्यांना शंका नव्हती. बाईंनी दोघांचीही फिर्याद घेतली नाही. स्कूटर काढली आणि वाडीत गेल्या. दोन्ही विहिरी बघितल्या. एकमेकांचं पाणी नासवायला निघालेली दोन माणसं स्वतःचंही पाणी का नासवतील, असा प्रश्न त्यांना पडला, आणि त्या चढून सड्यावर गेल्या.

वर बंद कारखान्याची शेड होती. छप्पर उडालेलं. आत गंजलेली पिंपं, काही उभी, काही आडवी, काहींची बुडं गेलेली. त्यांतून काळा चिकट गाळ बाहेर येऊन कातळावर पसरलेला. कातळ जांभ्याचा, म्हणजे चाळणीसारखा सच्छिद्र. पावसाचं पाणी त्या गाळातून झिरपायचं आणि खाली वाडीतल्या विहिरींत उतरायचं. कारखाना चालू होता तेव्हा तिथं कसलीशी रंगाची रसायनं करायचे. तो बंद पडून वर्षं लोटली होती. लोक वर जाणं सोडून देऊन बसले होते आणि खाली एकमेकांवर संशय घेत होते.

बाई खाली आल्या आणि दोघांना गडग्यापाशी उभं केलं. "तुमी दोगाय निर्दोष आसात. आता दोगाय मिळान अर्ज करतलास."

अर्ज झाला, पण अबोला राहिला. अर्जदार क्रमांक एक पार्वतीकाकी आणि अर्जदार क्रमांक दोन बाबीतात्या ओटीवर शेजारी शेजारी बसायचे आणि बाईंमार्फत बोलायचे. "वकीलबाय, तेंका सांगा, जरा सरकान बसा." "वकीलबाय, हिका सांगा, बाकडा हिच्या घोवाचा न्हय." बाई दोन्हीकडचं म्हणणं इमानदारीनं पोचवायच्या.

खरी पंचाईत पुढं होती. विष सापडलं, पण त्याचा धनी सापडेना. ज्या कंपनीचा कारखाना, ती दिवाळखोरीत निघून कागदावरून पुसली गेलेली. तिचे संचालक पूर्वीच्या पत्त्यांवर राहत नव्हते. तिथं गेलेल्या नोटिसा परत यायच्या. कर्जापोटी जागा बँकेनं ताब्यात घेतली आणि लिलावात विकली. बँक म्हणाली, आम्ही फक्त विकली. घेणारे गृहस्थ बाहेरगावचे. त्यांना तिथं समुद्र दिसणारे बंगले बांधायचे होते. ते म्हणाले, आम्ही जमीन घेतली, विष घेतलं नाही. लिलावाच्या कागदात लिहिलं होतं की जागा 'जशी आहे जिथे आहे' तशी विकली. आणि माझं कार्यालय म्हणालं, कारखाना आम्ही केव्हाच बंद करायला लावला, आमच्याकडून विषय संपला.

कायदा होता, नव्हता असं नाही. घातक कचरा कुणी कसा साठवायचा, कुणी कसा न्यायचा, याचे नियम होते. पण ते सगळे चालू कारखान्याला धरून. कारखाना मेला, मालक पळाला, जमीन हात बदलून गेली आणि गाळ तिथंच राहिला, तर झाडू कुणी हातात घ्यायचा, हे सरळ कुठंच लिहिलेलं नव्हतं. बाई म्हणायच्या, "कायद्यान कचऱ्याचो विचार केल्यान, जागेचो करूक इसारलो."

सड्यावरच्या मातीचे आणि विहिरींच्या पाण्याचे नमुने घेण्याचं काम माझ्याकडं आलं. बाई अर्जदारांतर्फे हजर. सकाळी मला घावणे वाढणाऱ्या बाई तिथं काळा कोट घालून उभ्या होत्या.

"आपण हा नमुना कोणत्या खोलीवरून घेतला?"

मी सांगितलं.

"आपण बाटलीवर मोहोर कुणासमक्ष लावली?"

तेही सांगितलं.

"आपल्या कपाळावर घाम का आहे?"

"ऊन आहे, बाई."

"नोंद घेतली," म्हणाल्या. संध्याकाळी घरी आलो तर जिन्याच्या तोंडाशी ताक ठेवलेलं होतं. "उन्नात उभो ऱ्हवलंस, पी ता." नमुन्यांचा निकाल काय आला, हे त्यांनी मला घरात विचारलं नाही. तो माझ्या कार्यालयानं न्यायपीठाला पाठवला तेव्हाच त्यांनी वाचला. त्यात काकीच्या चहाचा रंग आणि रॉकेलचा वास शास्त्रीय भाषेत आला होता.

आता ती सुनावणी सांगतो, जिची गोष्ट मालवणच्या वकिलांच्या खोलीत अजून निघते.

सुनावण्या बहुधा मोबाइलवर, चित्र दिसेल अशा व्हायच्या. त्या दिवशी बाई काकीची एक सही घ्यायला वाडीत गेल्या होत्या. वाऱ्यानं तारा तुटून खाली सगळ्या वाडीतलं नेटवर्क गेलं. पुकारा व्हायची वेळ आलेली. अशा वेळी एकाच ठिकाणी मोबाइल चालायचा, सड्यावर. बाई कोट हातात घेऊन चढल्या, मागून पार्वतीकाकी छत्री घेऊन, आणि तिच्या बऱ्याच मागून, तिच्याबरोबर नाही असं दाखवत, बाबीतात्या.

मी कार्यालयात साहेबांच्या शेजारी बसून पडद्यावर बघत होतो. एका चौकटीत न्यायमूर्ती, एका चौकटीत जमीन घेणाऱ्यांचे पुण्याचे वकील, टाय वगैरे लावून. तिसऱ्या चौकटीत आमच्या बाई. पदर वाऱ्यानं उडतोय, मागं नुसतं आभाळ.

पुण्याचे वकील बोलायला लागले. त्यांच्या अशिलांनी जबाबदार नागरिक या नात्यानं ती जागा संपूर्णपणे स्वच्छ केली आहे, पिंपं हलवली आहेत, आणि तिथं घनदाट वृक्षारोपण केलं आहे. फोटो जोडले आहेत. अर्ज निकाली काढावा.

"हरकत," बाई म्हणाल्या.

"कशाला हरकत?" न्यायमूर्तींनी विचारलं.

"'संपूर्णपणे'ला आणि 'घनदाट'ला."

"आपलं म्हणणं काय आहे?"

"म्हणणं नंतर मांडते. आधी एक दाखवते," म्हणाल्या आणि मोबाइल फिरवला.

पडद्यावर आधी आभाळ गेलं, मग शेडचा खांब, मग निळ्या ताडपत्र्या. वाऱ्यानं एका ताडपत्रीचं टोक उडालं आणि खाली ओळीनं पिंपं दिसली. पुढं गाळावर लाल माती पसरून ओळीनं रोपं लावलेली. बाई त्यांतल्या एका रोपापाशी वाकल्या. मोबाइल बहुधा पार्वतीकाकीच्या हातात गेला असावा, कारण मधेच काकीचा अंगठा आणि तिचं "खंय धरू गे?" ऐकू आलं. मग बाईंनी ते रोप दोन बोटांनी वर उचललं. ते सहज हातात आलं. नर्सरीची काळी पिशवी तशीच होती. फोटोपुरती झाडं मातीत ठेवली होती, पिशवी फाडायचीसुद्धा कुणी तसदी घेतली नव्हती.

आमच्या साहेबांनी तोंडावर फाईल धरली. हसू लपवायला, हे त्यांच्या खांद्यांवरून कळत होतं.

"बाई, आपण वकील आहात. साक्षीदार होऊ नका," न्यायमूर्ती म्हणाले.

"मी वकीलच आहे, साहेब. नेटवर्क इथंच येतं, त्याला मी काय करू?"

"हा पुरावा म्हणून धरता येणार नाही."

"धरू नका. पण आपण आता ते पाहिलेलं आहे. ते न पाहिल्यासारखं कसं करता येईल, एवढंच मला सांगा."

न्यायमूर्तींनी जोडलेले फोटो बाजूला ठेवले. मग त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमून जागा बघायचा हुकूम दिला. समिती आली, वासानं नाकाला रुमाल लावून उभी राहिली आणि जे होतं ते लिहून गेली. न्यायपीठानं जागा साफ करायला सांगितली. त्या दिवशी बाईंनी सुरमई तळली आणि मला चार तुकडे वाढले. कशाबद्दल, ते बोलल्या नाहीत. घरात केसची गोष्ट काढायची नव्हती.

पण जमीन घेणारे वरच्या कोर्टात गेले, आणि तिथं त्या हुकमाला स्थगिती मिळाली. त्यांचा मुद्दा साधा होता. विष टाकणारा दुसरा, आणि झाडायचं मी, हे कुठल्या नियमात लिहिलंय ते दाखवा. बाईंना ते दाखवता येईना. त्या वर्षीच्या पावसात विहिरींचा रंग आणखी गडद झाला. वाडीला टँकरनं पाणी यायचं, ते कधी यायचं, कधी नाही. पार्वतीकाकी ओटीवर येऊन नुसती बसून राहायची. बाबीतात्याही यायचे. "वकीलबाय, तेंका सांगा, आमच्याकडे दोन हंडे जास्तीचे आसत," काकी एकदा म्हणाली. बाईंनी सांगितलं. तात्या थेट काकीला म्हणाले, "आयकलंय." तो त्यांचा गेल्या कितीतरी वर्षांतला पहिला थेट संवाद.

त्याच सुमारास सरकारनं नव्या नियमांचा मसुदा जाहीर केला. अशाच दूषित झालेल्या जागांबद्दल, ज्यांचा कुणी वाली नाही. लोकांनी हरकती आणि सूचना पाठवाव्यात असं आवाहन होतं. बाईंचं वय एकदम कमी झालं. देवळाच्या सभामंडपात वाडीची सभा बोलावली आणि मसुदा वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानाला निम्मे लोक पेंगले. भाऊ गावकर, म्हणजे गावचे मानकरी, ज्यांच्याशिवाय देवळात काही होत नाही, ते तर खांबाला टेकून घोरायला लागले.

बाईंनी कागद मिटले. पुढच्या रविवारी त्या पिंगुळीहून आपल्या एका जुन्या अशिलाला घेऊन आल्या. तो कळसूत्री बाहुल्यांचा खेळ करायचा. बाईंनी त्याला सगळं समजावलं होतं. कंपनीला त्यानं राक्षस केलं, बँकेला मिशीवाला प्रधान, जमीन घेणाऱ्याला फेटेवाला सावकार आणि सरकारी कार्यालयाला पोट सुटलेला कोतवाल. पोट जरा जास्तच सुटलेलं होतं. मी पुढच्याच रांगेत होतो. मधे एक काळं गाठोडं. राक्षस आला, गाठोडं टाकून पळाला. मग प्रधान म्हणतो, "माजा न्हय!" सावकार म्हणतो, "माजा न्हय!" कोतवाल म्हणतो, "माजा तर न्हयच न्हय!" तिघं एकमेकांकडं बोट दाखवत गरगर फिरायला लागले आणि त्यांच्या दोऱ्यांचा गुंता झाला. लोक हसून लोळले. गावकर जागे होऊन हसत होते.

बाईंनी खेळ तिथंच थांबवला. "आता सांगा. तुमी सरकार आसतास, तर ह्या गाठोड्याचा काय केला आसतास?"

कुणी म्हणालं, राक्षसाला धरून आणा. कुणी म्हणालं, सावकाराच्या दारात नेऊन टाका. पार्वतीकाकी उठली. "राकेस सापडाक येळ लागतलो. तवसर आमी काय पिवचा? सरकारान आधी उचलूचा. मगे कोणाकडसून वसूल करूचा, ता निवांतपणी भांडा."

"बरोबर बोलली," बाबीतात्या म्हणाले. सगळ्या सभेसमोर, तिच्याकडं बघून.

बाईंनी ती सूचना लिहिली, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घेतले आणि पाठवून दिली. आधी उचला, मग वसूल करा. संशयित जागांची नोंद जिल्ह्यातच व्हावी. जमीन विकली म्हणून जबाबदारी विकली गेली असं समजू नये.

पुढं नियम पक्के होऊन आले. दूषित जागा कशी ओळखायची, जिल्ह्यानं त्याची माहिती कशी कळवायची, तपासणी कुणी करायची, दोषी कोण ते ठरवून खर्च त्याच्याकडून कसा घ्यायचा, आणि धनीच सापडला नाही तर सरकारनं साफसफाई कशी करायची, हे त्यांत होतं. मी बाईंना म्हणालो, "बाई, काकीची सूचना घेतली की हो!"

"घेतली म्हणान कोण सांगलो? देशभरसून लोकांनी तशीच लिवली असतली. शाणपण काय एका वाडयेची मालकी नाय." पण ते पान त्यांनी काकीला तीनदा वाचून दाखवलं, आणि त्या दिवशी त्यात एकही शब्द खोडला नाही.

जमीन घेणाऱ्यांच्या वकिलांनी शेवटचा डाव टाकला. नियम नवे, प्रदूषण जुनं; जुन्याला नवं लावता येणार नाही. बाई वरच्या कोर्टातल्या त्या सुनावणीला मुद्दाम स्वतः गेल्या. मीही कार्यालयातर्फे गेलो होतो. त्या फार बोलल्या नाहीत. "विष जुनं असेल, साहेब. पण ते विहिरीत पडतं दर पावसाळ्यात. या पावसाळ्यातही पडलं. जे आज पडतंय त्याला जुनं कसं म्हणायचं?" बसल्या. विशेषण एकच, तेही समोरच्या वकिलांकडून उसनं घेतलेलं.

स्थगिती उठली. आमच्या साहेबांनी, खरं सांगायचं तर, बाईंपेक्षा जोरात सुस्कारा सोडला. आता काय करायचं ते कागदावर स्पष्ट होतं, आणि ज्याला काम करायचं असतं त्याला तेवढं पुरतं. पुढच्या पावसाळ्यापूर्वी पिंपं हलवायची असं ठरलं. पांढरे पोशाख घातलेली माणसं आली, गळकी पिंपं मोठ्या पिंपांत बंद झाली आणि खास गाड्या भरल्या. गाड्या फोंडाघाटातून वर जाऊन पुढं अशा कचऱ्यासाठी बांधलेल्या जागी जाणार होत्या. बाई प्रत्येक ड्रायव्हरला विचारत होत्या, "आपण यात काय नेत आहात, आपल्याला माहीत आहे का?" एकाला सांगता आलं नाही. त्याला माहिती देऊन, गाडीवरची पाटी नीट लावून घेऊन मगच सोडलं. मी पंचनामा लिहीत होतो. माझं अक्षर त्यांना आवडलं नाही, तेही सांगितलं.

शेवटची गाडी गेल्यावर सगळी वाडी देवळात जमली. गाऱ्हाणं घालायचं होतं. कोकणात कुठलंही मोठं काम झालं की देवाला गाऱ्हाणं घालतात. मानकरी एकेक मागणं मोठ्यानं मांडतो आणि लोक "व्हय म्हाराजा" म्हणून साथ देतात. मान भाऊ गावकरांचा. ते नारळ घेऊन पुढं झाले, आणि थांबले. मागं वळून बाईंना म्हणाले, "बाय, तुमी घाला."

सभामंडपात कुजबुज झाली. गाऱ्हाणं बाईमाणसानं घातल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बाईही गांगरल्या. त्यांना गांगरलेलं मी तेवढं एकदाच बघितलं.

"माका ता येणा नाय, भाऊ. तुमचो मान."

"मान माजोच," गावकर म्हणाले. "तो मी देतंय. सगळा आयुक्ष अर्ज लिवलंस, आणि येणा नाय म्हणतंस? घाल."

बाईंनी चपला आधीच काढल्या होत्या, चष्माही काढला. नारळ दोन्ही हातांत धरला. सुरुवातीला आवाज जरा कापला, मग कोर्टातला झाला.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ही तुजी लेकरा तुज्या पायाकडे उबी आसत."

"व्हय म्हाराजा!"

"सड्यावरचा वीख आज भायर गेला. ता कायद्यान गेला. तेच्यात तुजो हात आसात, तर तो आमी नाकारणव नाय."

लोक थोडे गोंधळले, पण म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

"माती अजून साफ होवची आसा. बावीचा पाणी लगेच बरा होवचा नाय, तेका येळ लागतलो. तो येळ काढूक आमका धीर दी."

"व्हय म्हाराजा!" हे सगळ्यांनी मनापासून म्हटलं. पार्वतीकाकीनं डोळ्यांना पदर लावला.

"ज्येंनी ह्या वीख टाकल्यानी आणि पळान गेले, तेंका सुबुद्धी दी."

इथं आवाज कमी आला. बऱ्याच जणांना राक्षसाला सुबुद्धी देणं पटलेलं नव्हतं. बाईंनी नारळ आणखी वर उचलला.

"आणि सुबुद्धी देवक जमणा नसात, तर तेंचो पत्तो दी! समन्स मी पाठयतंय!"

"व्हय म्हाराजा!!"

देवळाच्या कौलांवरची कबुतरं उडाली. भाऊ गावकर पुढं झाले, बाईंच्या हातातला नारळ घेतला आणि एका घावात फोडला.